जुळी जगवायची तर कप्पा हवा

फलटण, माण, खटाव या पट्ट्यातली दख्खनी मेंढी परंपरेने एका वेताला एकच कोकरू देत आली आहे. मोठ्या खांडातही जुळी क्वचितच दिसायची आणि दिसली की मेंढपाळ ती पाहुण्याला कौतुकाने दाखवायचा. एकच कोकरू असणे त्या मेंढीच्या जगण्याला साजेसेही होते. दिवसभर चालायचे, वाळल्या शिवारात मिळेल ते खुरपून खायचे आणि तेवढ्यावर दूध उतरवायचे, तर दोन पोरांचा सांभाळ परवडणार कसा?

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मात्र याच भागात जुळी देणाऱ्या मेंढ्या तयार झाल्या. त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नही गोठ्यात आला. डिसेंबरातली पहाट असते, पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो. मेंढी पहिले कोकरू टाकते आणि त्याला चाटायला लागते. पाऊण तासाने दुसरे येते, तेही दोन हात पलीकडे, कारण मेंढी तेवढ्यात फिरलेली असते. तोवर पहिले धडपडत उठून शेजारच्या मेंढीच्या कासेशी गेलेले असते आणि ती त्याला धडक देऊन उडवते. तिसरीच एखादी, अजून न व्यालेली गाभण मेंढी दुसऱ्या कोकराला चाटू लागते. मालक बॅटरी घेऊन येतो तेव्हा ओल्या कोकरांपैकी कोणते कोणाचे, हेच समजत नाही. एखादे कोपऱ्यात थंड पडलेले असते. दूध होते, आई होती, थंडीही फार कडाक्याची नव्हती. ताटातूट तेवढी झाली होती.

हा घोळ टाळायला इंग्लंड-अमेरिकेतल्या छोट्या मेंढीपालकांकडे एक जुनी, साधी रीत आहे. विण्याच्या हंगामात शेडच्या एका बाजूला चार बाय चार किंवा पाच बाय पाच फुटांचे, तीन फूट उंचीचे कप्पे उभे करायचे. मेंढी व्याली की तिला आणि तिच्या पिलांना एक ते तीन दिवस त्यात ठेवायचे. आत दुसरे कोणी नाही. आईला पळायला जागा नाही, पोराला हरवायला जागा नाही.

जगातल्या सगळ्याच मेंढ्यांना हा कप्पा लागतो, असे अजिबात नाही. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियातल्या हजारोंच्या कळपांत मेंढ्या उघड्या कुरणावरच वितात आणि माणसाने तेव्हा जवळ फिरकू नये, असाच सल्ला तिथे दिला जातो. तिथे प्रत्येक मेंढीला आपला कोपरा शोधून कळपापासून दूर जाता येते. बंदिस्त शेडमध्ये ती सोय नसते. वीस मेंढ्या एका छपराखाली कोंडल्या की एकांत माणसालाच बांधून द्यावा लागतो.

महाराष्ट्रात ही गरज का निर्माण झाली, त्याची गोष्ट बंगालच्या उपसागराशी सुरू होते. सुंदरबनाच्या दलदलीत गारोल नावाची बुटकी मेंढी आहे. वजनाने जेमतेम दहा-पंधरा किलो, पण जुळी-तिळी देण्यात तरबेज. १७९२-९३ च्या सुमारास बंगालमधल्या मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या. पुढे दीड शतकाने न्यू साउथ वेल्समधल्या कूमा गावाजवळ 'बुरुला' नावाच्या फार्मवर सिअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून वेगळ्या जमवल्या. या मेंढ्यांचे बहुप्रसवत्व एकाच जनुकामुळे आहे, हे १९८० च्या दशकात ध्यानात आले. त्याचे मूळ बंगालच्या त्या मेंढ्यांत असावे, असे हेलन न्यूटन टर्नर या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ बाईंनी मांडले. त्या जनुकातला नेमका बदल २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटन इथल्या तीन चमूंनी शोधून काढला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत बनबिहारी निंबकरांनी १९९० च्या दशकात गारोल मेंढ्या आणून दख्खनीशी संकर सुरू केला आणि डॉ. चंदा निंबकरांनी ते काम वर्षानुवर्षे पुढे नेले. ऑस्ट्रेलियाच्या कृषी संशोधन केंद्राचे आणि विद्यापीठांचे सहकार्य मिळाले, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने रक्ताच्या नमुन्यावरून जनुक ओळखण्याची चाचणी बसवून दिली. त्यातून 'नारी सुवर्णा' हा वाण उभा राहिला. अंगाने दख्खनीच्या जवळचा, पण गारोलचे जनुक बाळगणारा. या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी दोन वेतांत साधारण तीन कोकरे देते, म्हणजे कधी एक, कधी जुळी. कोरडवाहू भागातल्या मेंढीला झेपेल असा हा बेत आहे. दोन्ही प्रती असलेल्या मेंढीकडून तिळ्यांची शक्यता वाढते आणि सांभाळही तेवढाच अवघड होतो.

वाण तयार झाला, पण जुळ्यातले प्रत्येक कोकरू हलके जन्मते. एकटे कोकरू तीन किलोच्या आसपास भरत असेल, तर जुळ्यातले एकेक दोन-अडीच किलोचे. अंग लहान, त्यामुळे वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र जास्त आणि उष्णता झपाट्याने जाते. जन्मताना अंगात साठवलेली खास चरबी पहिले काही तासच ऊब पुरवते. तेवढ्यात चीक पोटात गेला नाही, तर कोकरू थंड पडते. थंड पडलेल्या कोकराला चोखायचे त्राण राहत नाही आणि चोखले नाही म्हणून ते आणखी थंड पडते. रात्री जन्मलेले कोकरू सकाळपर्यंत का टिकत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा याच चक्रात असते.

हे चक्र तोडायला कप्पे किती हवेत, ते कळपावर ठरते. राज्य सरकारच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २०१७ पासून वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. छोटा कळप म्हणजे किती, याचे मराठी मुलखातले माप म्हणून हा आकडा सोयीचा आहे. आठ-दहा मेंढ्यांमागे एक कप्पा हा सर्वसाधारण हिशेब धरला, तर वीस मेंढ्यांना दोन-तीन कप्पे पुरतात. जुळी जास्त असतील तर चार.

हा हिशेब बसतो तो मेंढ्या ठरावीक काळात विणाऱ्या असतील तरच. मेंढा बारा महिने कळपात मोकळा असेल, तर कधी ऑक्टोबरात दोन, कधी मार्चात तीन अशी विण्याची रांग लागते आणि मालकाची वर्षभर झोपमोड होते. मेंढीचा माज सरासरी सतरा दिवसांनी येतो. म्हणून मेंढा सुमारे पंचेचाळीस दिवस कळपात सोडून मग वेगळा बांधला, तर बहुतेक मेंढ्यांना दोनदा संधी मिळते आणि विण्याचा हंगामही तेवढ्याच दिवसांत आटोपतो. गाभणकाळ पाच महिन्यांना थोडा कमी, साधारण १४७ दिवस. १५ जुलैला लागलेली मेंढी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विणार, हे भिंतीवरच्या कालनिर्णयावर आधीच खूण करून ठेवता येते.

कप्पा पक्क्या विटांचा बांधू नये. नव्या शेडवाल्यांना तो मोह फार होतो. पक्का कप्पा वर्षातले दहा महिने रिकामा राहून जागा अडवतो, त्याचे कोपरे साफ होत नाहीत आणि एकदा जुलाबाची साथ शिरली की तिथेच मुक्काम ठोकते. त्यापेक्षा चार-पाच फुटांची सुटी फाटके करावीत. बांबू, जुन्या दरवाजांच्या फळ्या, कंपनीतून भंगारात निघालेली लाकडी पॅलेट, लोखंडी पाइपवर मारलेली वेल्डमेश जाळी, काहीही चालते. बिजागऱ्या नसतील तर तारेने किंवा सुंभाने बांधायची. शेडच्या भिंतीला लागून ओळीने कप्पे केले, की दोन शेजाऱ्यांत एक फाटक सामाईक राहते आणि सामान वाचते. हंगाम संपला की फाटके धुऊन उन्हात टाकायची.

फाटकाचा खालचा दीड फूट भरीव हवा आणि वरचा भाग मोकळा. भरीव भागामुळे जमिनीलगतचा वारा अडतो, शेजारचे कोकरू फटीतून शिरत नाही आणि चुकीच्या कासेला लागत नाही. वरचा भाग मोकळा ठेवायचे कारण वेगळे. मेंढी कळपातला प्राणी आहे. दुसरी मेंढी नजरेला पडली नाही तर ती बावरते, ओरडते, फाटकावर उड्या मारते आणि त्या धांदलीत पिलू पायाखाली येते. चारी बाजूंनी पत्रा ठोकून केलेला कप्पा मालकाला सुरक्षित वाटतो, मेंढीला तो कोंडवाडा होतो. एका कोपऱ्यात फळी तिरकी बसवून कोकरापुरती त्रिकोणी जागा केली, तर आई बसताना पिलाला तिथे आसरा मिळतो. गव्हाण बाहेरच्या बाजूला लावली म्हणजे वैरण पायदळी जात नाही.

पाण्याची बादली जमिनीवर नको. ती फाटकाला, मेंढीच्या तोंडाच्या उंचीवर अडकवायची. रात्रीतून नवजात कोकरू बादलीत पडून मरणे ऐकायला विचित्र वाटते, पण जमिनीवर बादली ठेवणाऱ्यांना हा अनुभव येतो. व्यायलेल्या मेंढीला पाणी भरपूर लागते. दूध उतरायचे तर ते हवेच. पहिल्याच दिवशी कोमट पाण्यात गूळ घालून देण्याची रीत अनेक घरांत आहे आणि दमलेली मेंढी ते आवडीने पिते.

खाली मुरूम चांगला. मूत जिरते आणि काँक्रीटसारखा गारठा अंगाला लागत नाही. काँक्रीटच असेल तर अंथरूण जाड करावे लागते. गव्हांडा किंवा भाताचा पेंढा सगळ्यांत बरा. उसाचे पाचट फुकट मिळते, पण त्याच्या कडा धारदार असतात. लाकडाचा भुसा आणि भाताचे तूस टाळावे, कारण ओल्या कोकराच्या नाकाला आणि नाळेला ते चिकटून बसते. एक मेंढी बाहेर गेली की ओले अंथरूण काढून चुन्याची फक्की मारायची, ते वाळू द्यायचे आणि मगच दुसरीला आत घ्यायचे. घाईत हे राहून जाते आणि हंगामाच्या शेवटी जन्मलेल्या कोकरांना त्याचा फटका बसतो. नाळ पिकणे, सांधे सुजणे, जुलाब यांचे प्रमाण सुरुवातीपेक्षा शेवटी वाढते, ते साचलेल्या घाणीमुळे.

हवेच्या बाबतीत तर भले भले चुकतात. थंडी म्हटली की शेडला चोहोबाजूंनी ताडपत्री लावली जाते. आत ऊब वाटते खरी, पण मुतातला अमोनिया कोंडतो आणि आठवड्याभरात कोकरे खोकू लागतात. थंड हवा आणि अंगावर येणारा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरडे, पोट भरलेले कोकरू थंड हवा सहज सोसते. ओल्या कोकराला जमिनीलगतचा झोत मारून टाकतो. म्हणून ताडपत्री खालच्या तीन-चार फुटांना लावायची आणि वर छपरापर्यंत मोकळे सोडायचे. शेडमधली हवा कशी आहे हे उभ्याने कळत नाही. गुडघे टेकून, कोकराच्या नाकाच्या पातळीवर आपले नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले तर ताडपत्री वर गुंडाळायची वेळ झाली.

कप्पा तयार झाला की नवखा मालक एक चूक हमखास करतो. कास भरली, भकाळ्या खोल गेल्या, मेंढी पायाने जमीन उकरू लागली, की तो तिला उचलून कप्प्यात कोंडतो. ते करू नये. चार फुटांत तिला कळा देताना वळता येत नाही, अंथरूण वितानाच भिजून जाते आणि कप्पाही अडून राहतो. विण्यासाठी शेडमधला मोठा, स्वच्छ, जाड अंथरुणाचा भाग मोकळा ठेवावा. मेंढी तिथे आपली जागा निवडते. पाण्याची पिशवी फुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काही पुढे सरकले नाही, तर हात धुऊन, हातमोजा घालून तपासायचे किंवा डॉक्टरांना बोलवायचे. पुढचे दोन खूर आणि त्यांवर टेकलेले नाक दिसत असेल, तर कोकरू नीट येत आहे. तेव्हा शांत बसण्याइतके चांगले काम नाही.

पिले झाली, आईने चाटायला सुरुवात केली, की मग हलवायचे. इथे एक बारकावा आहे. बहुतेक जण कोकराला छातीशी धरून चालू लागतात. आईच्या नजरेसमोरून पिलू नाहीसे होते आणि ती ओरडत पुन्हा व्यालेल्या जागी धावते, कारण तिला पिलाचा वास तिथे, सांडलेल्या पाण्यात येत असतो. खरी रीत अशी, की दोन्ही पिले पुढच्या पायांना धरून, जमिनीपासून वीतभर वर, तिच्या नाकासमोर ठेवायची आणि मागे मागे सरकत कप्प्यापर्यंत यायचे. ती हुंगत मागोमाग येते. पाठ दुखते, पण मेंढी ओढावी लागत नाही.

या हुंगण्यावर बरेच शास्त्रीय काम झाले आहे. पिलू बाहेर येताना गर्भाशयाचे तोंड ताणले जाते, त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो आणि तिथे ऑक्सिटोसिन स्रवते. एरवी मेंढीला ज्या वासाचा तिटकारा असतो, तोच गर्भजलाचा वास तिला त्या वेळी ओढ लावतो. पुढच्या काही तासांत ती आपल्या पिलाचा वास पक्का करून घेते आणि मग परक्याला कासेशी येऊ देत नाही. ते तास वाया गेले, तर स्वतःचेच पिलूही तिला परके वाटू शकते. काही गाभण मेंढ्यांना ही ओढ विण्याआधीच लागते. त्या दुसरीचे कोकरू पळवतात आणि स्वतःचे जन्मले की पळवलेल्याला सोडून देतात. मेरिनो मेंढ्यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट दिसली आहे. जुळ्यांतले एक मागे आले की आई चालू लागते. दुसरे मागे राहिले याची तिला खबरही नसते. तिला मोजता येत नाही असे नव्हे कदाचित, पण गरज एकाचीच होती हजारो वर्षे! कप्प्यात ती चालून चालून जाणार कुठे? दोन-तीन दिवसांत दोन्ही वास तिच्या डोक्यात बसतात.

म्हणूनच कोकराला फडक्याने खसखसून कोरडे करणे, धुणे, अंगाला तेल-पावडर लावणे ही माया उलटी पडते. नाक-तोंडातला चिकटा काढावा, बाकीचे आईवर सोपवावे. अगदीच थंडी असेल तर बारदानाने पाठ पुसावी, पण तोंड आणि शेपटीकडचा भाग तिच्या जिभेसाठी राहू द्यावा.

माणसाने करायची कामे मोजकी आहेत. नाळेचे टोक टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवायचे. दोन्ही सड एकेकदा पिळून पाहायचे, कारण सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो आणि अशक्त कोकराला तो निघत नाही. मग प्रत्येक कोकराने चीक प्यायला की नाही, हे डोळ्यांनी पाहायचे. 'प्यायले असेल' यावर भरवसा ठेवायचा नाही. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाकडे जात नाहीत. ती सगळी चिकातूनच मिळतात. कोकराच्या आतड्याला ती अख्खी शोषून घेता येतात, पण ही क्षमता तासागणिक घटते आणि दिवसभरात संपते. पहिल्या दोन तासांत किलोमागे ५० मिलिलिटर आणि पहिल्या चोवीस तासांत किलोमागे २०० मिलिलिटर, असे प्रमाण धरतात. अडीच किलोच्या पिलाला दिवसभरात अर्धा लिटर चीक लागतो. जुळ्यांना लिटरभर. पहिलारू मेंढीकडे तेवढा असेलच असे नाही.

त्यासाठी हुशार मालक चिकाची शिल्लक ठेवतात. एकच कोकरू असलेल्या दुधाळ मेंढीचा, नाहीतर निरोगी शेळीचा जास्तीचा चीक छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये गोठवतात. तो पातळ करायचा तो कोमट पाण्यात बाटली ठेवून. गॅसवर ठेवला तर भांड्यात खरवस होतो! खरवस जमतो तो चिकातल्या प्रथिनांमुळे आणि कोकराला हवी असलेली प्रतिकारक द्रव्ये त्या प्रथिनांतच असतात. माणसाला गोड लागेल, कोकराच्या कामाचे राहणार नाही. वार पडेपर्यंत पिलाला पाजू नये, अशी समजूत गुरांच्या बाबतीत अनेक गावांत आहे. मेंढीला वार टाकायला कित्येक तास लागू शकतात आणि नेमके तेच तास पिलासाठी सोन्याचे असतात. उलट पिलू चोखू लागले की वार पडायलाही मदत होते.

कोकरू थंड पडले आहे का, हे ओळखायला त्याच्या तोंडात बोट घालावे. तोंड गार लागले तर थर्मामीटर लावायचा. निरोगी कोकराचे तापमान १०२-१०३ अंश फॅरनहाइट असते. ९९ च्या खाली गेले तर हयगय करायची नाही. नुकतेच जन्मलेले, ओले कोकरू असेल तर पुसून ऊब द्यायची आणि नळीने चीक पाजायचा. नळी घालायला डॉक्टरांकडून आधी शिकून घ्यायचे. पण पाच-सहा तासांपेक्षा मोठे कोकरू गार पडले असेल, तर त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते. त्याला नुसतेच शेकले तर झटके येऊन ते दगावते. आधी ग्लुकोजचे इंजेक्शन, मग ऊब. ते काम डॉक्टरांचे. मान न धरणाऱ्या कोकराला बाटलीने दूध पाजायचा अट्टहास करू नये, दूध फुप्फुसात जाते.

परदेशी चित्रफितींत कप्प्यावर लाल दिवे लटकलेले दिसतात आणि आपल्याकडेही ते टांगायची हौस वाढते आहे. २५० वॉटचा तो दिवा सैल वायरवर, वाळल्या पेंढ्यावर लोंबकळत असेल तर एका धडकेत शेड पेटू शकते. इंग्लंड-अमेरिकेतही अशा आगी लागतात. दिवा लावायचाच तर साखळीने, मेंढीच्या आवाक्याबाहेर. आणि रात्री वीज गेली तर त्या उबेला सोकावलेल्या कोकराचे काय, हाही विचार करावा. जाड अंथरूण, अडवलेला वारा आणि भरलेले पोट एवढ्यावर बहुतेक कोकरे निभावतात. एखाद्याला जास्त ऊब हवीच असेल, तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि वर डालगे झाकायचे.

एखादी मेंढी, विशेषतः पहिलारू, एका पिलाला घेते आणि दुसऱ्याला झिडकारते. तेव्हा कप्प्यातच दोन उभ्या फळ्यांच्या खाचेत तिची मान सैल अडकवतात. तिला बसता येते, खाता येते, पण मागे वळून धडक देता येत नाही. दोन-तीन दिवसांत पिलाच्या अंगाला तिच्याच दुधाचा वास येऊ लागतो आणि ती बहुधा नमते. तिळ्यातले एक किंवा पोरके कोकरू दुसऱ्या मेंढीला द्यायचे असेल, तर ती विताना तिचेच गर्भजल त्याच्या अंगाला चोळून, तिच्या स्वतःच्या पिलाबरोबर समोर ठेवतात. पोरके दोन दिवसांचे, उड्या मारणारे असेल तर त्याचे पाय काही वेळ सैल बांधतात, कारण नवजात पिलू जन्मताच पळत नाही, हे मेंढीला ठाऊक असते.

कप्पा न वापरता ही सगळी जोडाजोड करणारी माणसे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे इथे सांगायलाच हवे. दिवाळीनंतर कोकणाकडे निघणाऱ्या धनगरांच्या वाड्यात मेंढ्या चरायला गेल्या, की कोकरे तळावर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत असतात. संध्याकाळी कळप परतला की एकच कालवा उठतो आणि बायका एकेक कोकरू उचलून नेमके त्याच्या आईखाली लावतात. शेकडो काळ्या मेंढ्यांत कोणाचे पोर कोण, हे त्यांच्या डोक्यात असते. वाटेत जन्मलेले पिलू घोंगड्यात किंवा घोड्यावरच्या सामानात विसावते. अशी नजर एका हंगामात येत नाही. बंदिस्त शेड घालणारा, शेती आणि नोकरी सांभाळून वीस मेंढ्या पाळणारा माणूस ती कुठून आणणार? त्याला फाटकांचाच आधार घ्यावा लागतो.

विण्याची कामे गावाकडे बहुतेक बायकाच करतात, म्हणून एक धोका ठळक सांगितला पाहिजे. मेंढी विताना निघणारे पाणी आणि वार यांतून काही जंतू माणसाला लागू शकतात आणि त्यांतले काही गर्भपात घडवणारे असतात. घरातल्या गरोदर बाईने विणाऱ्या मेंढीजवळ जाऊ नये. इतरांनी हातमोजे घालावेत, वार खोल पुरावी. कुत्र्यांसमोर टाकू नये. एका मागोमाग मेंढ्या गाभडू लागल्या, तर नमुने तपासायला पाठवावेत.

कप्प्याची तयारी खरे तर दीड महिना आधी, चाऱ्यापासून सुरू होते. गर्भाच्या वाढीपैकी सुमारे ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळी असली की ओटीपोटात चाऱ्याला जागा कमी आणि गरज दुप्पट. तेव्हा नुसत्या कडब्यावर ठेवलेली मेंढी स्वतःची चरबी जाळू लागते, सुस्त होते, आंधळ्यासारखी ठेचकाळते आणि बसते ती उठत नाही. मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, लसूणघास हे तिला त्या काळात थोडे थोडे वाढवत न्यावे. गाईंसाठीचे खनिज मिश्रण मात्र मेंढीला देऊ नये. त्यात तांबे जास्त असते आणि मेंढीच्या यकृतात ते साठून विषबाधा होते. विण्याआधी तीन-चार आठवडे आंत्रविषाराची लस टोचली, तर तिचे संरक्षण चिकातून पिलांनाही मिळते.

एकट्या कोकराची जोडी दिवस-दीड दिवसात बाहेर काढता येते, जुळ्यांना तीन दिवस द्यावेत. बाहेर काढण्याआधी झोपलेल्या पिलांना उठवून पाहायचे. पोट भरलेले कोकरू उठताच पाठ ताणून आळस देते. उपाशी कोकरू पाठीला कुबड काढून, कान पाडून उभे राहते. आळस देणारी दोन्ही असतील तर त्या मेंढीचे काम चोख चालले आहे. तरीही थेट सगळ्या कळपात सोडायचे नाही. चार-पाच आयांचा गट करून दोन-तीन दिवस एका मोठ्या आवारात ठेवायचा. गर्दीत आपल्या आईचा आवाज ओळखायला कोकरे तिथे शिकतात. आई आणि पिले यांच्या पाठीवर एकच आकडा रंगवला, तर मालकालाही चुकलेली जोडी लांबून दिसते.

वहीत प्रत्येक मेंढीपुढे किती जन्मली, किती वजनाची, आणि तीन महिन्यांनी दूध तोडताना किती उरली, हे तीन आकडे लिहिले तरी पुष्कळ. दोन देऊन दोन वाढवणारी मेंढी कोणती आणि दर वेताला एक टाकणारी कोणती, हे दोन वर्षांत उघड होते. पुढच्या माद्या कोणाच्या ठेवायच्या, बाजारात कोण जाणार, ते या वहीवरून ठरवावे. केवळ जुळी दिली म्हणून मेंढी ठेवणारे बरेच असतात. कास आटलेली मेंढीही जुळी देऊ शकते.

शेवटची मेंढी बाहेर पडली तरी फाटकांना सुट्टी नसते. दोन-तीन आठवड्यांची कोकरे पाला-चारा चघळू लागतात, पण गव्हाणीशी मोठ्या मेंढ्या त्यांना उभे राहू देत नाहीत. तीच फाटके शेडच्या कोपऱ्यात लावून मधे आठ-नऊ इंचांची फट ठेवली, तर कोकरे आत जातात आणि आया बाहेर राहतात. आत भरडा, कोवळा लसूणघास आणि पाण्याची उथळ पाटी ठेवायची. पहिले दोन दिवस कोणी फिरकत नाही. मग एखादे धीट कोकरू शिरते आणि त्याच्या मागे बाकीची रांग लागते.